धुक्यात धडक, लहान जहाज तरले, मोठे बुडाले! १८५४ मध्ये ‘आर्क्टिक’चे काय झाले?

२७ सप्टेंबर १८५४. लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे निघालेले ‘आर्क्टिक’ हे अमेरिकी प्रवासी जहाज न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात ‘व्हेस्टा’ या लहान फ्रेंच जहाजावर आदळले. व्हेस्टाचे पुढचे टोक पार चेपले. तेच बुडणार असे वाटून ‘आर्क्टिक’चे कॅप्टन जेम्स ल्यूस यांनी मदतीला होडीही उतरवली. मग कळले, भगदाडे आपल्याच जहाजाला पडली आहेत.

फरक बांधणीत होता. लोखंडी व्हेस्टाच्या पुढच्या भागात शिरलेले पाणी आतल्या जलरोधक भिंतीने तिथेच अडवले आणि ते कसेबसे बंदराला लागले. लाकडी आर्क्टिकमध्ये अशी भिंतच नव्हती. ल्यूस यांनी जहाज किनाऱ्याकडे पिटाळले, पण पाण्याने बॉयलरची आग विझली, चाके थांबली.

जहाजावर सुमारे ४०० माणसे आणि सहा होड्यांत जागा १८०च्या आसपास. तेव्हाच्या नियमाला तेवढ्या पुरेशा होत्या, हे विशेष! त्यातल्याही बऱ्याच खलाशांनी बळकावल्या. सुमारे ८५ जण वाचले, त्यात बहुतेक कर्मचारी. एकही स्त्री किंवा बालक वाचले नाही. ल्यूस जहाजासोबत पाण्यात गेले आणि बचावले. सोबतचा मुलगा मात्र दगावला. मृतांत जहाज कंपनीचे प्रमुख एडवर्ड कॉलिन्स यांची पत्नी आणि दोन मुलेही होती.