जुन्या वास्तूंतील कार्यालये आणि भाडेपट्ट्याचा प्रश्न : पूर्णगडाच्या निमित्ताने

मुचकुंदीच्या मुखाशी टेकडीवर उभा असलेला पूर्णगड हा कोकणातील लहान किल्ल्यांपैकी एक होय. दरवाज्यावर गणपती व चंद्रसूर्य कोरलेले आहेत, बाहेर मारुतीचे देऊळ आहे, तटबंदी बरीचशी शाबूत आहे. आत मात्र मुख्यतः इमारतींची जोतीच उरली आहेत. जुनी वास्तू दुरुस्त करून ती चित्रकार, वास्तुशिल्पी, मुद्रक किंवा चित्रपटकार यांना कार्यालयासाठी भाड्याने देण्याची जी प्रथा मुंबईच्या गिरण्यांत रूढ झाली, ती अशा किल्ल्यास लागू करणे कठीण आहे. शिवाय लोकभावनाही त्यास अनुकूल नाही. 2019 च्या सप्टेंबरात राज्यातील काही किल्ले दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने हॉटेलांसाठी देण्याची वार्ता पसरताच मोठे वादळ उठले आणि शिवकालीन किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. प्रश्न खरा उद्भवतो तो किनाऱ्यावरील गावांतल्या जुन्या चिरेबंदी घरांचा, ज्यांचे मालक बहुधा मुंबईस असतात.

कोकणात जुन्या वास्तूत कलाव्यवसाय नांदल्याचे उत्तम उदाहरण सावंतवाडीच्या राजवाड्याचे आहे. तेथे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा व लाखकामाचे पुनरुज्जीवन केले आणि कारागीर राजवाड्यातच बसून काम करू लागले. परंतु तेथे मालक व उपयोक्ता एकच होते. छप्पर गळले तर कोणी दुरुस्त करावयाचे, हा वाद संभवतच नव्हता. भाडेकरू आला की तोच वाद प्रथम उभा राहतो.

कोकणातील कौलारू घराचे आयुष्य दरवर्षी पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या शाकारणीवर अवलंबून असते. कौले चाळली नाहीत, फुटकी बदलली नाहीत, तर पाणी वाशांत मुरते आणि काही पावसाळ्यांतच आढे खचते. ही कामगिरी कोणाची? 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येथे फारसा साहाय्यक नाही. कलम 108 अन्वये पट्टेदाराने जागा ताब्यात मिळाली त्या स्थितीत राखावयाची असते. मात्र वाजवी झीज व अनिवार्य आपत्ती यांतून वगळल्या आहेत. मालकावर दुरुस्तीचे सर्वसाधारण बंधन हा कायदा घालत नाही. मालकाने दुरुस्तीचे बंधन स्वीकारले असेल आणि सूचना मिळूनही त्याने ती वाजवी मुदतीत केली नाही, तर पट्टेदाराने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, इतकीच सोय आहे. म्हणजे करारात शब्द नसेल तर शाकारणी कोणाचीच नाही, आणि मग पाऊस निर्णय देतो.

या कटकटीस भिऊन मालक भाडेपट्ट्याऐवजी अकरा महिन्यांचा अनुज्ञेचा करार, म्हणजे व्यवहारातील ‘लिव्ह अँड लायसन्स’, पत्करतो. त्यात त्याला दोन धोके दिसत नाहीत. पहिला नावाचा. दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेसंबंधी 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजाचे नाव न पाहता आशय पाहिला आणि ‘अनुज्ञा’ म्हणविणाऱ्या त्या कागदास भाडेपट्टा ठरविले. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. 1882 च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम 60 नुसार, अनुज्ञेवर विसंबून अनुज्ञाधारकाने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती अनुज्ञा मालकास मागे घेता येत नाही. अर्थात तसे न होण्याचे उभयतांनी ठरविले नसेल तर. पडके घर स्वखर्चाने उभे करणाऱ्या हौशी कलावंतास अकरा महिन्यांच्या कागदावर आत घेणारा मालक म्हणूनच स्वतःस वाटतो तितका सुरक्षित नसतो. उलट बाजूने पाहता, ज्याने गाठीचा पैसा घातला त्यास अकरा महिन्यांनी उठविणे हेही न्याय्य नव्हे. पूर्ण नूतनीकरण भाडेकरूने करावयाचे असेल तर दीर्घ मुदतीचा, नोंदणीकृत पट्टाच दोघांच्या हिताचा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी 1908 च्या कायद्याने आवश्यकच आहे.

कोकणात आणखी एक अडचण असते, ती भाऊबंदकीची. घर सामाईक असेल आणि एकाच भावाने पट्टा दिला, तर कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्यास सहकब्जा मागता येत नाही. भाडे थोडे कमी आले तरी चालेल, पण सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात.

राहिला प्रश्न सामानाचा. पट्टेदारास त्याने जमिनीशी जोडलेल्या वस्तू ताबा सोडताना काढून नेण्याची मुभा आहे, मात्र मालमत्ता मिळाली त्या स्थितीत सोडली पाहिजे. चिऱ्याच्या भिंतीत तुळया रोवून केलेला माळा उपटल्यावर भिंत पूर्वीसारखी राहत नाही. चुन्याच्या गिलाव्यावर चढविलेले सिमेंट तर ओल आत कोंडते आणि काढू जाता चिऱ्याचा पापुद्राही घेऊन येते. म्हणून ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक दालनाची मापे, छायाचित्रे आणि गिलाव्याचा प्रकार यांची यादी करून ती पट्ट्यास जोडावी व तिच्यावरही दोघांनी सह्या कराव्यात.