जुनी मोटारसायकल जास्त पेट्रोल का पिते?

पाववाले, अंडीवाले, आठवडी बाजारात कापड विकणारे असे कितीतरी छोटे व्यापारी जुन्या मोटारसायकलवरच धंदा करतात. 1994 साली बाजारात आलेली 97.2 सीसीची हिरो होंडा स्प्लेंडर त्यांत सर्वांच्या ओळखीची. रोज 60 किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला 60 ऐवजी 40 चे अ‍ॅव्हरेज देऊ लागली, तर दररोज अर्धा लिटर पेट्रोल जादा जाते. महिन्याचे 25 दिवस आणि लिटरला 100 रुपये धरले, तरी 1,250 रुपये नफ्यातून गेले.

अशा वेळी पहिल्याच दिवशी कार्बोरेटर खोलायला लावू नये, असे आम्ही सुचवतो. आधी मोजमाप करावे. मीटरची केबल चालू आहे ना, ते पाहावे. टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरून आकडा लिहावा. नेहमीप्रमाणे 200 किलोमीटर गाडी चालवून पुन्हा त्याच खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. किलोमीटरला लिटरने भागले की खरे अ‍ॅव्हरेज कळते.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट सांगितली होती. म्हणजे 60 चे 58 झाले तर कारण पेट्रोल असू शकेल. 40 झाले तर दोष गाडीतच आहे.

यानंतर बिनखर्चाची तपासणी. चाकांतली हवा कंपनीने सांगितल्याइतकी ठेवावी. गाडी मधल्या स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच थांबत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन फार ताणली आहे. गाडी गरम झाल्यावर चोक पूर्ण बंद आहे ना, तेही पाहावे.

मग प्लग काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जादा. आधी एअर फिल्टर बदलावा. टोक तेलकट असून धूर निळसर असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असावे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट घसरतात.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच टॅपेट आणि कार्बोरेटर पाहावे. कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई झिजलेली असते. मात्र केवळ पेट्रोल कमी करून अ‍ॅव्हरेज वाढवून देण्याच्या सौद्याला भुलू नये. इंजिन जादा तापते, व्हॉल्व्ह जळू शकतो आणि वाचलेल्या पैशापेक्षा मोठे बिल येते.

प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा 200 किलोमीटर मोजावे आणि वहीत लिहावे. एका वेळी एकच काम केले, तर पैसे कशावर वाचले ते कळते.