शेतातल्या बाईची तक्रार कुठे जाते?

पैठण तालुक्यातील पाचोडच्या परिसरात बाईचे कामाचे ठिकाण म्हणजे मोसंबीची बाग, कापसाचे रान, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, नाहीतर दिवाळीच्या सुमारास गाठलेला ऊसतोडीचा फड. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तिलाही लागू आहे. मात्र त्याची पाटी दिसते ती बँकेत नाहीतर सरकारी कचेरीत. त्यामुळे हा पगारदार बायकांचा कायदा आहे, असा समज होऊन बसला आहे.

खरे तर या कायद्याचे मूळ खेड्यातच आहे. राजस्थानातील भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत. एक बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 9 डिसेंबर 2013 पासून कायदा लागू झाला.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. त्याहून कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. रोजंदारीवरची, मुकादमामार्फत आलेली, मालकाला जिचे नावही ठाऊक नाही अशी मजूरही कायद्याच्या लेखी कर्मचारीच ठरते. मालकाने मजूर आणण्यासाठी ट्रॅक्टर किंवा टेम्पो पाठवला असेल, तर त्यातला प्रवासही कामाच्या ठिकाणातच मोडतो.

स्थानिक समितीची अध्यक्ष महिलाच असते. तालुक्यात किंवा शहरात काम करणाऱ्या महिलांपैकी एक, स्वयंसेवी संस्थांमधून दोन आणि समाजकल्याण किंवा महिला व बालविकास खात्याचा जिल्ह्यातील अधिकारी, असे बाकीचे सदस्य असतात. समिती जिल्ह्याची असली तरी छत्रपती संभाजीनगर गाठण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात नोडल अधिकारी नेमायचा असतो. म्हणजे पाचोडची तक्रार पैठण तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे देता येते आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे धाडायची असते. या नेमणुका अनेक ठिकाणी कागदावरच राहिल्या. म्हणून गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2024 रोजी देशभरासाठी मुदती ठरवून दिल्या. स्थानिक समित्यांसाठीची मुदत होती 31 जानेवारी 2025.

तक्रार लेखी लागते. नियमानुसार तिच्या सहा प्रती, जवळ असतील ते पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे. लिहिता येत नसेल, तर लिहून घेण्यासाठी मदत करणे हे समितीचे काम आहे. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. छळ पुन्हापुन्हा झाला असेल, तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. ऊसतोड करणाऱ्या बाईने हे नीट लक्षात ठेवावे. हंगाम पाच-पाच महिने चालतो आणि उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. गावी परतेपर्यंत मुदत टळलेली असू शकते. अशा वेळी उशिराचे कारण तक्रारीतच लिहावे. कारण पटले, तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

तक्रारीची एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्या माणसाला जाते. त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. समितीसमोर कोणालाही वकील उभा करता येत नाही, त्यामुळे पैशाच्या जोरावर तिथे पारडे झुकत नाही. बाईने स्वतः मागितला तरच समेट होतो आणि तोही पैसे घेऊन नाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. आरोप सिद्ध झाला, तर कारवाईबरोबर भरपाईही मिळू शकते. भरपाई भरली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद आहे. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. बाईचे नाव जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे.

पोलिसांचा मार्ग याहून वेगळा आहे आणि तो केव्हाही खुला असतो. लैंगिक छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हा आहे. समितीकडे तक्रार दिली म्हणून पोलिस ठाण्यात जाता येत नाही, असे मुळीच नाही. तातडीची मदत हवी असेल तर 112, महिला हेल्पलाइनसाठी 181. मोफत वकील मिळणे हा उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

हे सगळे कागदावर सोपे दिसते. कचेरीची पायरी चढण्याची सवय मात्र लहानपणीच लागावी लागते. पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा, वर्षभराचा वर्ग चालवला. शिकवणाऱ्या गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या बायका होत्या. आरोग्य आणि पोषणाबरोबरच स्थानिक संस्था कशा चालतात, हेही मुली त्यात शिकत. त्या काळात कार्यक्रमाच्या गावांमध्ये मुलींचे लग्नाचे मध्यक वय 16 वरून 17 वर गेले.

आता काम ग्रामसभेचे आहे. पैठण तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचे आणि स्थानिक समितीच्या अध्यक्षांचे नाव व फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. बायांची टोळी फडावर निघण्याआधी तो फलक लागलेला असला पाहिजे.