कंपनीचे १५०, डायनोवरचे १२८: खोटं कोण बोलतंय?

चाकणला बनणाऱ्या स्कोडा स्लाव्हियाचं किंवा फोक्सवॅगन व्हर्टसचं माहितीपत्रक उघडा. १.५ टीएसआय इंजिन, ताकद १५० पीएस, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. आता हीच गाडी एखाद्या गॅरेजमधल्या डायनोच्या रोलरवर चढवा. समजा, आकडा आला १२८ हॉर्सपॉवर. मालक म्हणणार, कंपनीने फसवलं. गॅरेजवाला म्हणणार, रीमॅप करून घ्या. पीएचडीला यायची तयारी करत असाल, तर या भांडणाकडे जरा नीट बघा. इथे दोन्ही आकडे खरे असू शकतात. गडबड आहे ती त्यांना थेट एकमेकांशेजारी ठेवण्यात.

एककाचा भाग पटकन उरकू. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४५.७ वॅट. आपण दोन्हीला सर्रास ‘बीएचपी’ म्हणतो. १५० पीएसचे झाले १४८ हॉर्सपॉवर. दोन तर इथेच गेले, कोणीही न चोरता.

पुढचा प्रश्न, मोजलं कुठे? कंपनीचा आकडा इंजिन टेस्ट बेडवर, क्रँकशाफ्टपाशी मोजलेला असतो. त्याची पद्धत ठरलेली आहे: भारतात आयएस १४५९९, युरोपात संयुक्त राष्ट्रांचा नियम ८५. डायनो मोजतो चाकापाशी. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि रोलरवर दबलेले टायर आपापला वाटा खातात. हा वाटा सरसकट १५ टक्के धरायची पद्धत आहे. ती मला अजिबात पटत नाही. या नुकसानाचा बराच भाग वेगावर अवलंबून असतो. इंजिनाची ताकद दीडपट केली म्हणून घर्षण इमानदारीत दीडपट होत नाही. टायरमधली हवा आणि गाडी बांधलेल्या पट्ट्यांचा ताण बदलला तरी रीडिंग हलतं.

आता खरी मजा, पुण्याची हवा. प्रमाणित चाचणीत हवा २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि वाफेचा दाब वजा करून ९३ किलोपास्कल धरू. पेट्रोल इंजिनाचं सूत्र सांगतं: दाबाच्या गुणोत्तराचा १.२ वा घात गुणिले केल्व्हिनमधल्या तापमानाच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात. म्हणजे (९९/९३) चा १.२ वा घात आला १.०७८, (३१३/२९८) चा ०.६ वा घात आला १.०३०, आणि गुणाकार १.११.

नियम ८५ मध्ये हा करेक्शन फॅक्टर ०.९३ ते १.०७ या पट्ट्यात असावा लागतो. बाहेर गेला तर चाचणीची परिस्थिती अहवालात नेमकी नोंदवावी लागते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातलं उघड्या शेडमधलं मोजमाप सूत्राच्या नेहमीच्या हद्दीबाहेरच आहे. गॅरेजच्या प्रिंटआउटवर मात्र ‘करेक्टेड’ एवढाच शब्द असतो.

त्यात हे टर्बो इंजिन. हवा विरळ झाली की ईसीयू टर्बोला जास्त फिरवून ठरलेला दाब गाठायचा प्रयत्न करतो. या इंजिनाचे १५० पीएस ५००० ते ६००० आरपीएमपर्यंत सपाट दिले आहेत, त्यावरून ताकद ईसीयूने आखून धरली आहे हे कळतं. पुण्यात त्याची ११ टक्के ताकद जात नसेल, तर १.११ ने गुणून आपण त्याला फुकटची ताकद बहाल करतो. अर्थात, टर्बो जास्त राबला की हवा जास्त तापते. मग इंटरकूलर गरम होतो, आणि साध्या पेट्रोलवर नॉक टाळायला इग्निशन मागे घ्यावं लागतं. खरा फॅक्टर १ आणि १.११ च्या मधे कुठेतरी असणार. तो सूत्रातून नाही, मोजूनच कळेल.

आता त्याच १२८ चं काय होतं बघा. करेक्शन नाही, नुकसान १० टक्के धरलं: १४२. करेक्शन १.११, नुकसान १५ टक्के: १६७. रीडिंग एकच, आणि कंपनीचे १४८ या दोन्हींच्या मधे! ज्याला जे सिद्ध करायचंय त्याने ते घ्यावं, अशी सोय आहे ही.

याचा अर्थ कंपन्या साधुसंत आहेत असा नाही. ह्युंदाईने २००२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची ताकद जास्त सांगितल्याचं कबूल केलं. जपानमध्ये उलट प्रकार होता. १९८९ ते २००४ या काळात कंपन्यांमधल्या अलिखित समझोत्यामुळे कागदावर २८० पीएसच्या वर कोणी जात नसे, आणि काही गाड्या प्रत्यक्षात त्याहून जास्त देत. शिवाय नियम ८५ नुसार उत्पादनातल्या इंजिनाला ५ टक्के इकडेतिकडे चालतं. १५० साठी हा पट्टा १४२.५ ते १५७.५ होतो. मित्राच्या गाडीपेक्षा तुमची चार पीएसने ‘भारी’ निघाली, तर पार्टी मागू नका.

रीमॅपवर पैसे घालणार असाल तर आधी करेक्शन न केलेले कच्चे आकडे मागा. आधी तीन रन, नंतर तीन रन, त्याच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, तेच पेट्रोल, पंखा त्याच जागी. प्रत्येक रनआधी इनटेक हवेचं तापमान लिहून ठेवा. आधीच्या तीन रनमध्येच आपापसात पाच हॉर्सपॉवरचा फरक असेल, तर नंतर आलेली सहाची ‘वाढ’ कोणाला दाखवू नका. तुमच्या गाईडला तर नाहीच.