एक गदा, दोन केसरी आणि फडाभोवतीची गर्दी

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राला दोन आठवड्यांच्या आत दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. 10 तारखेला पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला चितपट केले आणि गदा खांद्यावर घेतली. त्यानंतर दहा दिवसांनी तोच राक्षे धाराशिवच्या तुळजाभवानी स्टेडियमवर हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. राज्याच्या कुस्ती संघटनेत फूट पडली होती आणि दोन्ही गटांनी आपापली स्पर्धा भरवली होती. अमेरिका-जपानच्या व्यावसायिक कुस्तीत प्रत्येक कंपनीचा पट्टा वेगळा आणि विजेताही वेगळा असतो. तिथल्या चाहत्यांना त्याचे काहीच वाटत नाही. आपल्याकडे गदा एकच मानली जाते, त्यामुळे खरा केसरी कोण यावर पारापारांवर खल झाला.

धाराशिवकरांना त्या वादात फारसा रस नव्हता. जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव अधिकृतपणे बदलून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि नव्या नावाच्या जिल्ह्यात राज्यातले नामांकित मल्ल येणार होते. 16 नोव्हेंबरपासून पाच दिवस शहरात कुस्ती सोडून दुसरा विषय नव्हता.

या मातीचा कुस्तीशी संबंध मात्र त्या पाच दिवसांपुरता नाही. 1982 पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार म्हणजे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचेच सुपुत्र. ते 1969 चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद. नंतर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांचाच पठ्ठा. लातूर जिल्ह्याचेच अर्जुन पुरस्कार विजेते काका पवारही याच परंपरेतले. धाराशिवच्या अंतिम लढतीत समोरासमोर उभे राहिलेले राक्षे आणि सदगीर हे दोघेही पुण्यात काका पवारांच्या तालमीत घडलेले. एक खेड तालुक्यातला, दुसरा अकोले तालुक्यातला, पण दोघांच्या अंगची विद्या मराठवाड्याच्या वस्तादाची. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या, त्या लढतीत जिल्ह्याचा मल्ल नव्हता, तरी जिल्हा तिथे हजर होता.

आता प्रेक्षकाकडे वळू. कुस्तीवरच्या लिखाणात पैलवानाचा खुराक, त्याच्या जोर-बैठका, त्याचे डाव यांची वर्णने भरपूर सापडतात. फडाभोवती बसणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही. यात्रेतली कुस्ती मुळात त्याच्या जिवावर उभी असते.

सुगी आटोपल्यावर यात्रा सुरू होतात आणि मृगाच्या पावसापर्यंत चालतात. यात्रा कमिटी गावात वर्गणी गोळा करते. कुणी पाच हजार लावतो, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पहिल्या नंबरचे इनाम देतो. पत्रिका छापल्या जातात आणि त्यात मोठ्या जोडी आधीच जाहीर होतात. बाकीच्या जोडी मैदानात जमतात. हे दृश्य नवख्याला थक्क करते. लंगोट लावलेली पोरे फडात फिरत असतात, पंच दोघांचे खांदे एकमेकांना लावून बघतात, वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेतात. कडेचा एखादा म्हातारा ओरडतो, ‘ह्यो लई जड हाय, जोड बराबर न्हाई!’ पंच ऐकतात आणि जोड मोडतात. वजनकाटा नसतो, पण शे-दोनशे माणसांचे डोळे असतात, आणि ते सहसा चुकत नाहीत.

दुपारी लहानग्यांपासून सुरुवात होते. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर किंवा पन्नास-शंभर रुपयांवर लागतात. ऊन उतरू लागले की इनाम चढत जाते आणि शेवटची कुस्ती दिवेलागणीला येते. हलगी सुरू असतेच. कैताळ आणि घुमक्याची साथ मिळाली की हलगीवाला कुस्तीच्या चालीप्रमाणे ठेका बदलतो. मल्ल एकमेकांचा अंदाज घेत असताना संथ, आणि पट निघाला की झडझडून. जाणत्या प्रेक्षकाला डोळे मिटूनही कळते की आत काहीतरी घडले. निवेदकाचा आवाज त्यावर चढतो. मल्ल कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या साली कुणाला पाडले, ही सगळी वंशावळ त्याला तोंडपाठ असते. चांगला निवेदक मिळावा म्हणून कमिट्या महिनोन्‌महिने आधी सुपारी देतात. माझ्या मते फडाला रंग चढतो तो निम्मा त्याच्या जिभेवर.

जिंकलेला पोरगा तिथेच थांबत नाही. अंगावरची माती न झटकता तो कडेकडेने फडाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा, वीस, पन्नासच्या नोटा देतात. ज्याने देखणा डाव केला, एकचाक किंवा कलाजंग लावला, त्याची ओंजळ भरते. रेटारेटी करून जिंकलेल्याला इनाम मिळते, पण फेरीत फारसे काही पडत नाही. एवढा चोख न्याय कुठल्या गुणफलकावर दिसत नाही. तिकीट नसलेल्या या खेळात प्रेक्षक पैसे आधी मोजत नाही, खेळ आवडला तर नंतर मोजतो.

तोच प्रेक्षक कठोरही असतो. निकाल न लागता मल्ल नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले की आरोळ्या सुरू होतात. दोघांनी आधीच ठरवून कुस्ती सोडल्याचा संशय आला तर ‘नुरा, नुरा!’ असा गलका होतो, आणि कमिटीला मध्ये पडावे लागते. पडद्यावरची व्यावसायिक कुस्ती याच्या अगदी उलट आहे. तिथे शेवट ठरलेला असतो हे प्रेक्षकाला माहीत असते, आणि त्याला पाहायचे असते ते त्या शेवटापर्यंत पोहोचण्याचे कसब. नव्वदीच्या दशकात मराठवाड्यातल्या पोरांनीही तिथल्या अंडरटेकर या मल्लाचे खेळायचे पत्ते जिवापाड जपले. 2012 साली कलर्स वाहिनीवर ‘रिंग का किंग’ नावाची अशी मालिका आली होती आणि तिचे चित्रीकरण चक्क पुण्यात झाले होते. ती एका हंगामातच आटोपली. दोरखंडाच्या रिंगणातली ही कला हलक्यात घेण्यासारखी नाही. उंचावरून पडूनही दुखापत न करून घेणे हीसुद्धा विद्याच आहे. पण ज्या मुलखात ठरवून केलेल्या कुस्तीला शिवी दिली जाते, तिथे तिने मूळ धरले नाही याचे मला नवल वाटत नाही.

महाराष्ट्र केसरी ही या दोन टोकांच्या मधली, शिस्तीची स्पर्धा. 1961 साली ती औरंगाबादला सुरू झाली. माती आणि गादी असे तिचे दोन विभाग असतात आणि केसरी गटात 86 ते 125 किलोचे मल्ल उतरतात. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची शेवटची लढत गादीवर होते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन मागे ताबा मिळवला तर दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले तर एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. दोन्ही खांदे टेकले तर अर्थात गुणांचा प्रश्नच उरत नाही. फडाची सवय असलेल्या माणसाला हे गुण सुरुवातीला रुचत नाहीत. ‘पाठ लागली न्हाई, मंग जितला कसा?’ हा प्रश्न मातीवर वाढलेला प्रेक्षक हमखास विचारतो. पंचांच्या निर्णयावरून होणारे वादही बहुतांशी या गुणांवरूनच होतात. पाठ लागली की ती सगळ्यांना दिसते, गुण मात्र पंचांनाच दिसतात.

विजेत्याला मिळणारी चांदीची गदा पुण्यात घडवली जाते. आत सागवान, वर चांदीचा पत्रा. उंची साधारण 27 ते 30 इंच, वजन 10 ते 12 किलो. एका बाजूला हनुमान आणि दुसऱ्या बाजूला मामासाहेब मोहोळ. मोहोळ हे राज्याच्या कुस्तीगीर परिषदेचे आधारस्तंभ होते.

मोठ्या स्पर्धांना एक रोग जडला आहे, तो म्हणजे सत्कारांचा. दोन कुस्त्यांच्या मध्ये शाली, नारळ, भाषणे. अंग तापवून उभा असलेला मल्ल गार पडतो आणि शेवटची कुस्ती रात्री उशिरा लागते, तेव्हा लांबच्या गावचे लोक उठून गेलेले असतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधताना कुठेही बसलेल्या माणसाला आखाडा दिसावा अशी उतरती रचना केली होती. प्रेक्षकाचा एवढा विचार करणारा राजा शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. आजच्या आयोजकांनी निदान व्यासपीठ आखाड्याच्या आड येणार नाही एवढे पाहावे.

बायका फडाकडे लांबून बघत, हेही आता बदलते आहे. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. आता यात्रांच्या पत्रिकांमध्येही मुलींच्या जोडी छापून येऊ लागल्या आहेत.

धाराशिव जिल्ह्यात फड पाहायचा असेल तर चैत्रात या. दुपारी तीनच्या आत पोहोचा, टोपी घाला, हलगीवाल्याच्या उजव्या-डाव्या बाजूला जागा धरा आणि खिशात सुटे पैसे ठेवा. रेवड्यांवरच्या कुस्त्या चुकवू नका. आणि एखाद्या पोराने समोरच्याला देखण्या डावाने पाडले, तर तो फेरी मारत तुमच्यापाशी येईल तेव्हा हात आखडता घेऊ नका.