घरी बांधलेल्या विमानांचे दिवे : एक मागोवा

आपल्या गॅरेजात किंवा परसातील पत्र्याच्या शेडमध्ये लहानसे विमान स्वहस्ते बांधणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे स्थापन केली, तेव्हा त्या विमानांवर बाहेरून कोणते दिवे लावावेत हा प्रश्न फारसा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. कारण त्यांतील पुष्कळांना विजेची यंत्रणाच नसे, आणि प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करावे, ऊन असेतो उडावे व दिवेलागणीच्या आत परतावे, असा त्यांचा साधा रिवाज होता.

डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा ही दिव्यांची मांडणी विमानाने जहाजाकडून वारशाने घेतली, आणि १९१९ च्या पॅरिस कराराने तिच्यावर आंतरराष्ट्रीय संमतीची मोहोर उठविली. अमेरिकन नियमांनी पुढे तिला मोजमापांत बांधले. नाकासमोरच्या रेषेपासून दोन्ही अंगांना ११० अंशांपर्यंत तांबड्या-हिरव्याचा अंमल, आणि उरलेले १४० अंश शेपटीच्या पांढऱ्या दिव्याकडे. ऐन समोर किमान ४० कँडेला, मागे २०, कडेला मात्र ५ देखील पुरेत. टक्कर टाळण्यासाठी चमकणाऱ्या दिव्याची किमान तीव्रता नव्या रचनेच्या विमानांपुरती १९७१ साली १०० कँडेलांवरून ४०० वर नेण्यात आली, आणि तांबड्याच्या जोडीने पांढऱ्या रंगालाही मुभा मिळाली. तांबड्या काचेत प्रकाशाचा मोठा हिस्सा वाया जात असल्यामुळे पंखांच्या टोकांवरील पांढऱ्या स्ट्रोब दिव्यांचे युग त्यानंतर भरभराटीस आले, यात नवल नाही.

याच दशकात रिचर्ड व्हॅनग्रनस्वेन यांच्या ‘आरव्ही’ विमानांचे संच ऑरेगनहून घरोघरी पोहोचू लागले, आणि रात्रीही उडण्याची आकांक्षा बाळगणारा विमानकर्ता दिव्यांच्या निवडीला बसला तो गरिबाघरच्या जमाखर्चाची वही पुढ्यात घेऊनच. तारेचे तीन बल्ब मिळून सुमारे ६ अँपिअर, स्ट्रोब ७ च्या आसपास, आणि १०० वॅटचा लँडिंग लाइट तितकेच किंवा थोडे अधिक. अल्टरनेटर पुष्कळदा ३५ अँपिअरचा, आणि त्याच वाट्यातून रेडिओ व ट्रान्सपाँडर यांचीही तरतूद करावयाची! शिवाय ‘४५०९’ या क्रमांकाने प्रसिद्ध असलेल्या त्या लँडिंग लाइटचे आयुष्य कारखान्याच्याच हिशेबाने अवघे २५ तासांचे. सबब तो धावपट्टी समोर दिसू लागल्यावरच लावावयाचा आणि उतरताच मालवावयाचा.

स्ट्रोबचे दुखणे निराळे होते. एम.आय.टी.च्या हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात छायाचित्रणासाठी ज्या क्षणदीप्तीचा विकास केला, तिचेच हे भावंड. झेनॉन वायूच्या नळीस शेकडो व्होल्टांचा दाब पुरविणारी पेटी विमानाच्या पोटात वा पंखात ठेवावी लागे, आणि तिच्यापासून दिव्यापर्यंत जाळीचे आवरण असलेली केबल ओढावी लागे. हे आवरण केवळ पेटीच्या बाजूस अर्थ करावयाचे. दोन्ही टोकांस केले, की दर चमकेबरोबर वैमानिकाच्या हेडसेटमध्ये ‘टक्’ असा आवाज उमटत राही. बटण बंद केल्यावरही पेटीत भार साठून राहतो, म्हणून तिला हात लावण्यापूर्वी काही मिनिटे थांबण्याची ताकीद असे, आणि ती पाळण्याजोगी होती. बर्ट रुटान यांच्या १९७५ च्या ‘व्हॅरीईझी’सारख्या फोम व काचतंतूंच्या विमानांत ॲल्युमिनियमची कातडी परतीची तार म्हणून उपयोगी पडत नसे; तेथे प्रत्येक दिव्यामागे एक जादा तार आणि तिचे जादा वजन.

१९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला, त्यातून थोड्या विजेत भरपूर उजेड देणारा पांढरा एलईडी निघाला, आणि दीडएक दशकात आमच्या विमानकर्त्याची ती जमाखर्चाची वही जवळजवळ निकालात निघाली. ज्याचे जनित्र जेमतेम २५० वॅटचे, त्या रोटॅक्स ९१२ इंजिनवाल्यासही सर्व दिवे एकदम लावण्याची ऐपत आली. दहा हजार फुटांखाली दिवसाही लँडिंग लाइट चालू ठेवावा अशी अमेरिकन विमानखात्याची शिफारस आहे. २५ तासांच्या बल्बाचा धनी ती मनोमन कबूल करी आणि पाळण्याचे टाळी. आता दोन्ही पंखांतील दिवे आळीपाळीने लुकलुकविण्याची युक्ती सर्रास झाली आहे, आणि दुसऱ्या वैमानिकाच्या नजरेत भरण्यास तिच्याइतके उपयोगी दुसरे काही मला दिसत नाही. मात्र मोटारीच्या दुकानातून आणलेला स्वस्त एलईडी विमानाच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओत खरखर माजवू शकतो, हा नव्या सुबत्तेचा कर होय.

अँपिअरची टंचाई गेली, पण कोनांची कैफियत राहिलीच. माझ्या मते या पन्नास वर्षांत दिवा सुधारला, तितकी तो बसविणाराची दृष्टी सुधारली नाही. कँडेलांच्या जाहिराती वाचून खरेदी होते, आणि पंखाच्या टोकाचा बाक हिरव्या दिव्याला ११० अंशांपूर्वीच झाकून टाकतो, याकडे लक्ष जात नाही. जमिनीवर नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणावी, पंखाच्या टोकाखाली ओळंबा सोडून त्या दोरीस समांतर रेघ ओढावी, तेथून खडूने कोन आखावा आणि काळोखात त्या रेषेवर उभे राहून दिवा दिसतो की नाही ते पाहावे. एवढ्याने निकाल लागतो. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचे नाक जमिनीवर वर उचललेले असते, त्यामुळे उतरण्याच्या कोनात बसविलेला दिवा टॅक्सी करताना आकाश उजळीत राहतो. तेथे एका पंखातला दिवा उतरण्यासाठी आणि दुसऱ्यातला टॅक्सीसाठी लावणे हाच शहाणपणाचा तोडगा.

घरी बांधलेल्या विमानाची प्रारंभीची चाचणी-उड्डाणे दिवसाच करावयाची असतात, आणि पुढेही नियमांप्रमाणे दिवे व उपकरणे नसतील तर रात्रीची मोकळीक मिळत नाही. म्हणून पुष्कळजण दिव्यांचा विचार पुढे ढकलतात. दिवे खुशाल मागाहून घ्यावेत. तारा मात्र पंखांच्या टोकांपर्यंत आताच ओढून ठेवाव्यात, कारण पंखाची कातडी रिव्हेटांनी बंद झाल्यावर तेच काम चौपट कष्टाचे होते.