मुंबईतील विद्यापीठीय तत्त्वज्ञान आणि मराठी वैचारिक गद्य

वांद्र्याच्या साहित्य सहवासात वास्तव्य केलेल्या विंदा करंदीकरांच्या ‘अष्टदर्शने’ (२००३) या काव्यग्रंथात देकार्तपासून बर्गसाँपर्यंत सात युरोपीय तत्त्वज्ञ आणि चार्वाक हा एकच भारतीय विचार आढळतो. मांडणी मात्र संतकवितेच्या ओवी-अभंगाच्या वळणाची आहे. ही निवड कवीची स्वतःची आहे, हे खरे. तथापि आशय युरोपचा आणि छंद मराठी या विभागणीला मुंबईत एक शैक्षणिक पूर्वेतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान हा विषय प्रामुख्याने तर्कशास्त्र व नीतिशास्त्र या रूपाने आला. त्याचे ग्रंथ युरोपीय आणि माध्यम इंग्रजी होते. न्याय, वेदान्त इत्यादी दर्शने संस्कृत विषयाच्या वाट्याला गेली. वरवर पाहता ही केवळ अभ्यासक्रमाची सोय वाटेल. परंतु तिच्यामुळे युरोपीय विचार हा वाद घालण्याचा विषय ठरला, तर भारतीय विचार संपादन, कालनिर्णय व भाषांतर यांचा विषय झाला. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १८८२ मध्ये माक्स म्युलरच्या ग्रंथमालेत निघाला, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भीमाचार्य झळकीकर यांचे होय. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या या नैयायिकाने ‘न्यायकोश’ हा पारिभाषिक संज्ञांचा संस्कृत कोश सिद्ध केला. अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास यांची इतकी सूक्ष्म परिभाषा हाताशी असूनही विद्यापीठीय तर्कशास्त्राचे अध्यापन तिच्यावर उभे राहिले नाही. आठल्ये व बोडस यांच्या ‘तर्कसंग्रहा’च्या आवृत्तीने (१८९७) दोन परंपरांची तुलना केली खरी, परंतु तीही इंग्रजीतून आणि संस्कृत ग्रंथमालेत.

मग मराठीतील तत्त्वचिंतन कोठे घडले? ते आगरकरांच्या ‘सुधारका’तील (१८८८ पासून) निबंधांत, जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) आणि टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) घडले, म्हणजे बहुतांशी वर्गाबाहेर. गीतेचा अर्थ लावताना टिळक मिल, स्पेन्सर, कांट व ग्रीन यांच्याशी वाद घालतात. विद्यापीठाने विलग ठेवलेले दोन प्रवाह तेथे एका मराठी वाक्यात समोरासमोर येतात.

तथापि वसाहतवादी शिक्षणाने केवळ हानी केली, असा निष्कर्ष एकांगी ठरेल. पारंपरिक पाठशाळेतील शास्त्राचे दार शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना खुले नव्हते, आणि शास्त्राची भाषाही मराठी नव्हती. आगरकरांच्या बुद्धिवादाला मिल-स्पेन्सरच्या वाचनाने बळ दिले. नव्या शिक्षणाने चिकित्सेचे साधन दिले. परंतु ते कोणत्या विचारावर चालवायचे आणि कोणता विचार वस्तुसंग्रहात ठेवायचा, हेही बरेचसे त्यानेच ठरविले.

ही विभागणी ओलांडण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९८३ मध्ये पुण्यात झालेल्या संवादात रसेलच्या सिद्धान्तांवर पंडितांनी संस्कृतातून चर्चा केली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात अध्यापन केलेले मे. पुं. रेगे त्या उपक्रमाच्या प्रवर्तकांपैकी होते. तेथे न्यायाची परिभाषा अभ्यासाची वस्तू न राहता विचाराचे साधन बनली.

मराठी विभागांना यातून एक कार्य सूचित होते. ‘गीतारहस्य’ वा ‘सत्यधर्म’ यांचे अध्यापन आपण शैली व समाजप्रबोधन या अंगांनी करतो. त्यांतील युक्तिवाद कसा रचला आहे आणि कोणत्या संज्ञांना नवा अर्थ दिला आहे, हे तपासल्याशिवाय मराठी गद्याने पेललेल्या वैचारिक कार्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.